वज्रिकेचे गुडघे

पार्लर चालवणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. थ्रेडिंगला बसलेली बाई डोळे मिटते आणि डोळे मिटले की तिचं तोंड उघडतं. सासू, नणंद, बॉस, बिल्डर, सगळे त्या खुर्चीत येऊन जातात. संध्याकाळी मी फरशी झाडते तेव्हा केसांचा ढीग पोत्यात भरून देता येतो. किश्शांचं काय करायचं? ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला घेऊन जाते.

फिरायला म्हणजे मारुंजीच्या शाळेच्या मैदानावर. आमचा चौघींचा ग्रुप. एक मी, मंगल. दुसरी जनाक्का, इथली मूळची. तिच्या शेतात आता तीन बिल्डिंगा उभ्या आहेत. बिल्डरने त्यांना इंग्रजी नावं दिलीत, पण जनाक्का अजून 'खालचं वावर', 'वरचं वावर' आणि 'हिरीचं वावर' असंच म्हणते. तिसरी प्रिया, नागपूरची पोरगी, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि जनाक्काच्या वरच्या वावरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. आणि चौथ्या रेहानाताई.

आता मी सहसा हबकत नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी एक नवरी मुलगी येऊन "बॉयकट करा" म्हणाली होती, तेव्हासुद्धा मी फक्त "मागून किती ठेवू?" एवढंच विचारलं. पण रेहानाताईंनी मला इतक्या वेळा हबकवलंय की विचारू नका. हे सगळे किस्से त्यांचेच.

*

रेहानाताई आमच्यात आल्या तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की बाई मूळची पौडची, साठी उलटलेली, सरकारी नोकरीतून रिटायर झालेली, एकटी राहते, आणि गुडघे दुखतात म्हणून सावकाश चालते. आमच्या मैदानाला दोन फेऱ्या व्हायच्या तेव्हा त्यांची एक व्हायची. जनाक्का चिडवायची, "रेहाना, तुज्या मागनं गोगलगाय हॉर्न देतीया बग."

एक दिवस फिरणं झाल्यावर आम्ही टपरीवर चहा घेत होतो. एक मोठी गाडी करकचून थांबली. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला माणूस उतरला, धावत आला आणि त्याने थेट रेहानाताईंचे पाय धरले.

जनाक्काला वाटलं, पैंजण चोरायला आलाय. तिने हातातली छत्री त्याच्या पाठीत घातली. माणूस हलेना. तिने आणखी एक घातली. तो चक्क रडत होता.

"मारा मावशी, खुशाल मारा," तो म्हणाला. "पण मला ह्यांना नमस्कार करू द्या. वज्रिका आहेत ह्या!"

माझ्या हातातला चहा सांडला. वज्रिका! टीव्हीला एकच चॅनेल होतं तेव्हा रविवारी सकाळी लागायची ती मालिका. निळा ड्रेस, पाठीवर लाल केप, एका बुक्कीत भिंत पाडणारी बाई. आमच्या गावात वज्रिका लागली की विहिरीवर माणूस नसायचं. मी स्वतः पाठीला टॉवेल बांधून वैरणीच्या गंजीवरून उडी मारली होती आणि आईचा मार खाल्ला होता. आणि गेले कित्येक महिने मी त्याच बाईच्या हनुवटीचे केस काढत होते. वर "ताई, स्किन फार ड्राय झालीय हं" असं ऐकवतही होते.

"सांगितलं का नाही तुम्ही?" मी जवळजवळ भांडलेच.

"तू विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या आणि त्या माणसाला हाताला धरून उठवायला लागल्या.

जनाक्काच्या घरी त्या काळात टीव्ही नव्हता. तिला ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. तिने माझ्या कानात विचारलं, "वज्रिका? ही कुटल्या बिल्डरची स्कीम?"

*

मग काय, मी खुर्चीत बसवून बसवून सगळं काढून घेतलं.

ताई धावपटू होत्या. शंभर मीटर. पौडच्या ओढ्याकाठी पळायला शिकल्या, पुढे पुण्यात कॉलेजला आल्या, राज्यात पहिल्या आल्या. नोकरीही पळण्यावरच मिळाली. ऑफिसात म्हणे साहेब त्यांनाच फाइल आणायला पाठवायचे, कारण परत लवकर यायच्या.

एक दिवस मैदानावर मुंबईहून टीव्हीवाले आले. नवीन मालिकेसाठी मुलगी हवी होती. चेहरा कसाही चालेल म्हणाले, पण अंगात दम पाहिजे. त्यांनी प्रेक्षकांच्या गॅलरीखाली एक जाड गादी अंथरली आणि रांगेतल्या मुलींना विचारलं, वरून ह्या गादीवर कोण उडी मारेल? मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघीतिघी हळूच मागे सरकल्या.

ताई वर चढून गेल्या आणि वरूनच ओरडून म्हणाल्या, "गादी कशाला?"

तिथेच काम मिळालं. उडी मारायचीसुद्धा वेळ आली नाही. म्हणजे टीव्हीवाल्यांनी मारू दिली नाही, ताईंनी नंतर मारलीच.

*

आता मुख्य गोष्ट सांगते. ही ऐकल्यावर मला चार दिवस राग होता, आणि कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

प्रियाने कुठून तरी नेटवर वज्रिकेच्या जुन्या भागाचा एक तुकडा शोधून काढला. पार्लरचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघी तिच्या मोबाइलला चिकटलो. वज्रिका पळायला लागली. केस वर गेले, सावकाश खाली आले. एक पाय उचलला. तो टेकायच्या आत मी एका बाईच्या आयब्रो करून दिल्या असत्या.

"ही पळतीया का कमरंएवढ्या पाण्यातनं चाललीया?" जनाक्काने विचारलं.

"स्लो मोशन," ताई म्हणाल्या. "मला कायम स्लो मोशनमध्येच दाखवायचे."

झालं होतं असं, की दिग्दर्शकाचा नियम होता: वज्रिका विजेसारखी वेगवान आहे, म्हणून तिला हळू दाखवायचं. शूटिंगच तसं व्हायचं. पहिला भाग लागला तेव्हा ताई हबकल्याच. सगळ्या राज्यात त्यांच्याइतकं जोरात पळणारी मुलगी नव्हती, आणि सगळ्या देशाने त्यांना असं रांगताना पाहिलं. त्या दिग्दर्शकाकडे गेल्या. "सर, मी एवढी हळू का?" तो म्हणाला, "अगं, फास्ट आहेस म्हणूनच ना!"

"पण मग शर्यतींचं शूटिंग असेल की," प्रिया म्हणाली.

नव्हतं. कुणाकडे होता तेव्हा व्हिडिओ कॅमेरा? पेपरवाले बक्षीस देताना फोटो काढायचे. पळतानाचा एकच फोटो छापून आला होता, त्यात पुढे एक जाडे पंच उभे आहेत आणि ताईंचं फक्त कोपर दिसतंय.

प्रिया शेवटी कॉम्प्युटरवाली. ती म्हणाली, "त्यात काय, हाच व्हिडिओ आपण फास्ट करू." पण मुळात किती हळू केलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, तिने अंदाजाने काहीतरी दाबलं. वज्रिका तुरुतुरु, तुरुतुरु पळाली, हात असे पंख्यासारखे, मान कोंबडीसारखी. जनाक्का हसून हसून खुर्चीवरून घसरली. मलाही हसू आवरेना. ताईसुद्धा हसल्या. मग पदराने, म्हणजे ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बंद कर गं."

जरा वेळाने आरशात बघत म्हणाल्या, "मी पळायचे कशी, हे मीच कधी बघितलं नाही. लोक म्हणायचे, रेहाना काय पळते! मी म्हणायचे, असेल बाई."

आमच्याकडे आलेली बाई निदान मागचा आरसा धरून स्वतःचा अंबाडा तरी बघून जाते.

*

ताईंचे धाकटे भाऊ सलीमभाई. पौडला हार्डवेअरचं दुकान. माणूस गोड, आणि आपाचा विषय निघाला की दुकान बंद करून बोलत बसेल. अब्बांचा किस्सा मला त्यांनीच सांगितला.

पहिला भाग लागायचा होता त्या रविवारी सगळी गल्ली ह्यांच्या घरात. अब्बांना एवढंच माहीत, की पोरगी टीव्हीत शूर बाईचं काम करते. ड्रेसबद्दल त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. अम्मी तर डोकं दुखतंय म्हणून स्वयंपाकघरातच बसली. आणि पडद्यावर ताई आल्या. अंगासरसा निळा ड्रेस, पायात बूट, मागे लाल केप.

सलीमभाई म्हणतात, "मला वाटलं आता अब्बा टीव्हीच उचलत्यात." शेवटी शेजारचे एक बुजुर्ग खाकरले आणि म्हणाले, "पोरीच्या अंगावर ओढणी न्हाई."

अब्बा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाय की ओढणी. मागं टाकलीया. वाऱ्यानं गेली आसंल, एवढी पळतीया पोरगी."

पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. अम्मी चहा घेऊन बाहेर आली.

*

त्याच केपची पुढची गोष्ट.

छत्री खाल्लेला तो टकलू माणूस साधा नव्हता. त्याला जुन्या मालिकांच्या वस्तू जमवायचा नाद. त्याच्याकडे वज्रिकेचे होते नव्हते ते सगळे भाग होते. ताईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "त्यात मी खऱ्या स्पीडने पळतेय असं एखादं तरी आहे का हो?" तो बिचारा चार रात्री जागला. पाचव्या दिवशी येऊन मान खाली घालून म्हणाला, "नाही मॅडम. एका भागात तुम्ही खऱ्या स्पीडने आहात, पण त्यात तुम्ही बसून भात खाताय."

मग त्याने विचारलं, केप कुठे आहे? ताई म्हणाल्या, सलीमकडे असेल. आम्ही सगळे त्याच्याच गाडीतून पौडला गेलो. रस्ताभर तो बोलत होता, की अशा वस्तूला कसं काचेत ठेवावं लागतं, हात लावताना मोजे घालावे लागतात, ऊन तर अजिबात लागू द्यायचं नाही.

सलीमभाई दुकानासमोरच उभे होते. "केप व्हय? ही काय," ते म्हणाले आणि त्यांनी फुटपाथकडे बोट केलं. सिमेंटच्या पोत्यांवर, दोन्ही टोकांना विटा ठेवून, वज्रिकेची केप अंथरलेली होती.

त्या माणसाचा चेहरा पांढराफटक. त्याने खिशातून पांढरे मोजे काढले होते, ते हातातच राहिले. "मी... मी हात लावू?"

"लावा की," सलीमभाई म्हणाले. "फकस्त उचलू नका. आभाळ आलंय, पोती भिजत्याल. लई भारी कापड, इतकी वर्सं झाली, थेंब आत जात न्हाई."

*

एकदा महाळुंग्याच्या एका सोसायटीने महिला दिनाला ताईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. बावीस मजली बिल्डिंग, कार्यक्रम गच्चीवर. आम्हीही सोबत. सोसायटीचे चेअरमन स्वतः खाली घ्यायला आले. सफारी, अत्तर, हातात गुच्छ. लिफ्टमध्ये म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी आज मुद्दाम ही मोठी लिफ्ट चालू ठेवलीय." आणि लिफ्ट चौदाव्या आणि पंधराव्याच्या मध्ये बंद पडली.

पंखा बंद, दिवा बंद. चेअरमनसाहेबांचा आवाज आधी चढला, मग चिरकला, मग ते गुच्छासकट खाली बसले. प्रिया मोबाइलच्या उजेडात बेल दाबत होती. जनाक्का रामनाम घेत होती. चेअरमन एकदम ताईंचा हात धरून म्हणाले, "मॅडम, काहीतरी करा ना. तुम्ही एका बुक्कीत भिंत पाडायचात."

ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "भाऊ, ती थर्माकोलची असायची."

लिफ्टवाला आला, दार उघडलं, आम्हाला ओढून काढलं. उरलेले सात मजले जिन्याने चढायचे होते. चेअरमन घरी निघून गेले. ताई चढल्या. वर जाऊन भाषण केलं, बक्षिसं दिली, मुलांबरोबर फोटो काढले, हसल्या. आणि खाली उतरायची वेळ आली तेव्हा पाऊल उचलेना. गुडघे असे सुजले होते, की सलवार वर सरकेना.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे पुण्याला नेलं. तसं मला मोठ्या आवाजात बोलता येतं, त्याचा अशा वेळी उपयोग होतो.

*

डॉक्टर तरुण होता. त्याने एक्स-रे दिव्यावर लावला, जवळ गेला, लांब गेला, चष्मा पुसला. मग ताईंना म्हणाला, "आजी, तुम्ही इथवर आलात कशा?"

"चालत. बाहेर पार्किंग नाही ना," ताई म्हणाल्या.

त्याने नर्सलाही बोलावून दाखवलं. गुडघ्यांचं तर वाटोळं झालंच होतं, पण खाली घोट्याला, नडगीला जुनी मोडलेली हाडं कशीबशी जुळलेली दिसत होती. "हे एवढं कशानं? मोठा अपघात झाला होता का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "मालिका."

मग तो गंभीर झाला. दोन्ही गुडघे बदलायचे. थांबण्यात अर्थ नाही. तारीखही दिली, पुढच्याच आठवड्यातली. नंतर छान चालाल म्हणाला, जिना चढाल, बाजारात जाल, नमाजाला खुर्ची घ्या. "पण पळायचं नाही हं. आता कधीच नाही."

रिक्षात ताई एक्स-रेचं पाकीट मांडीवर धरून बसल्या होत्या. मी आपली बडबडत होते, की अमकीने गुडघे बदलले आणि ती आता डोंगर चढते. चांदणी चौकाच्या पुढे आल्यावर त्या म्हणाल्या, "मंगल, मला एकदा पळायचंय. ऑपरेशनच्या आधी. शंभर मीटर. तुम्ही मोबाइलवर घ्या, म्हणजे मी बघीन."

मी अशी काही भडकले, की रिक्षावाल्याने मान वळवली. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? चार पायऱ्या चढवत नाहीत आणि शंभर मीटर! पडलात, मोडलात, तर सलीमभाईंना मी काय तोंड दाखवू?"

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, पुढच्या आठवड्यात ते काढून फेकणारच आहेत ना? मग फेकायच्या आधी एकदा वापरून घेऊ दे की."

मी रिक्षातूनच जनाक्काला फोन लावला.

*

जागा जनाक्काने सुचवली. मारुंजीत कुठे पळणार? टेम्पो, बाइक, टँकर, आणि वर बाल्कनीत उभे राहून शूटिंग करणारे लोक. जनाक्का म्हणाली, "लवासाला जाऊ. रस्ता आरशावानी हाय आन् माणूस औशीदाला न्हाई."

सलीमभाईंचा टेम्पो घेतला. त्यांना सगळं सांगितल्यावर ते आधी रडले, मग चिडले, मग म्हणाले, "आपाचं कोण ऐकतंय? चला." वाटेत प्रियाने आम्हा तिघांची शाळा घेतली. कॅमेरा कुठे, बटण कुठलं, मोबाइल आडवा धरायचा, बोटं भिंगावर आणायची नाहीत. "आणि ते स्लो मोशनचं चुकूनही दाबू नका," तिने बजावलं. जनाक्काने रस्ताभर सराव केला. तिच्या मोबाइलमध्ये त्या दिवशीचे टेम्पोच्या टपाचे पन्नासएक व्हिडिओ आहेत.

तळ्याकाठच्या रस्त्यावर एक सिक्युरिटीवाला होता, बिहारचा. त्याने अडवलं. "शूटिंग अलाउड नहीं है."

"शूटिंग नहीं करना भैया," ताई म्हणाल्या. "मुझे दौड़ना है."

त्याने ताईंना वरून खाली पाहिलं. पांढरे केस, गुडघ्यांना पट्टे, सलीमभाईंच्या खांद्यावर हात. मग आमच्या मागे पाहिलं, रिकाम्या रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं. त्याने अगदी काळजीने विचारलं, "किसके पीछे?"

प्रियाने त्याला समजावलं. तोही आमच्याबरोबर येऊन उभा राहिला.

प्रियाने अंतर मोजून सुरुवातीची रेष आखली. सुरुवातीला जनाक्का, एका हातात रुमाल, दुसऱ्यात मोबाइल. मध्ये मी. माझ्या पुढे सलीमभाई. शेवटाला प्रिया. ताईंनी ओढणी कमरेला घट्ट बांधली, गुडघ्यांचे पट्टे सोडून भावाच्या हातात दिले आणि लंगडत रेषेपर्यंत गेल्या. खाली वाकताना त्यांना त्रास होत होता, ते मला मधूनसुद्धा दिसत होतं. दोन्ही हात डांबरावर टेकले. मान खाली. मी सगळे देव आठवत होते, आणि अंगठा बटणावर ठेवून उभी होते.

जनाक्काने रुमाल खाली केला.

मला नीट सांगता येणार नाही. आधी आपली लंगडणारी रेहानाताई उठली, ते मी पाहिलं. नंतर ती लंगडत नव्हती. पाय जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे, आवाज तेवढा येत होता, टपटपटपटप, आणि ती माझ्या अंगावरून गेली तेव्हा माझा पदर उडाला. तोंड अगदी शांत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी आलं ते मला माहीत नाही. सिक्युरिटीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली होती.

प्रियाच्या पुढे बरंच लांब जाऊन त्या थांबल्या. मग प्रियाने आणि सिक्युरिटीवाल्याने धरून त्यांना आणलं, तळ्याच्या कठड्यावर बसवलं. गुडघे डोळ्यांदेखत सुजत होते. तोंडावर घाम आणि असलं हसू, की मी ते इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं. पाणी प्यायल्या, श्वास सावरला आणि हात पुढे केला.

"दाखवा."

मी माझा मोबाइल पाहिला. अंगठा अजून बटणावरच होता. दाबलेला नव्हता. मी सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघ्यांचे पट्टे छातीशी धरले होते आणि मोबाइल शर्टच्या खिशात होता. जनाक्काने रुमाल आणि मोबाइल दोन्ही खाली टाकले होते. आम्ही सगळे प्रियाकडे बघायला लागलो. "ताई, मी दाबणारच होते," ती म्हणाली, "पण तुम्ही... तुम्ही आलातच."

मला वाटलं, तळ्यात उडी मारावी. ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि आमच्यापैकी एकाचीही वर बघायची हिंमत नव्हती. दुसऱ्यांदा पळणं शक्य नव्हतं, ते त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही.

"कुणीच नाही?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग सांगा तरी. कशी पळाले मी?"

मी तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. दिवसभर ह्या तोंडावर माझं दुकान चालतं! प्रिया नुसती रडत होती. सलीमभाईंनी "आपा..." म्हटलं आणि ते तिथेच थांबले.

जनाक्काने पायातल्या चपला काढल्या. नऊवारीचा ओचा वर खोचला, पदर कमरेला आवळला आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आशी," ती म्हणाली आणि सुटली.

पासष्टीची बाई, त्या रिकाम्या रस्त्याने, हात वर फेकत, मान ताठ ठेवून, जीव खाऊन पळत गेली, वळली आणि तशीच पळत आमच्यापर्यंत परत आली. ताई कठड्यावर बसून बघत होत्या. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"हात एवढे वर नसतात गं जनाक्का," त्या म्हणाल्या.

जनाक्का कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. "तुजं व्हतं," ती म्हणाली. "म्या बगितलंय."